ओढ्यावरची तिसरी हाक

आमच्याकडं मासे धरायच्या तऱ्हा पुष्कळ. कुणी जाळं टाकतं, कुणी गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून काठावर बिडी ओढत बसतं, उन्हाळ्यात पोरं डबकं उपसून हातानंच धरतात. पण कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी बांधून ती वाहत्या पाण्यावर फेकणारा माणूस आमच्या खोऱ्यात एकच होता. ते माझे वडील.

आबा फौजेत हवालदार होते. हिमाचलात पोस्टिंग असताना ते एका साहेबांचे सहायक होते, आणि त्या साहेबांना ट्राउट धरायचा नाद. हा मासा बर्फाच्या पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला आणि फार संशयी. थंडीत ओढ्याच्या कडा गोठलेल्या असायच्या, तरी साहेब रविवारी पाण्यात उभे. आबांचं काम पिशवी आणि चहाचा थर्मास सांभाळायचं. एकदा साहेबांचा खांदा दुखत होता म्हणून त्यांनी काठी आबांच्या हातात दिली, आणि आबांनी पहिल्याच दिवशी मासा धरला. तो मासा पुढं दरवर्षी बोटभर वाढत गेला. मी कॉलेजात जाईपर्यंत तो हातभर झाला होता. पेन्शन घेऊन घरी येताना साहेबांनी जुनी काठी आणि दोर गुंडाळायची चकरी त्यांना देऊन टाकली. आमच्या आळीतल्या दुसऱ्या माणसांनी फौजेतून ट्रंका आणल्या, घोंगड्या आणल्या. आबांनी हे आणलं.

आमचं गाव वाईच्या पश्चिमेला, धरणाच्याही वर, डोंगराच्या कुशीत. इथं ट्राउट नाही, पण खडस आहे. पितळी खवल्यांचा, जाड ओठांचा, अंगात जोर असलेला मासा. पावसाळ्यात ओढा चहासारखा लाल असतो. दिवाळीनंतर पाणी निवळतं आणि पौषात तर इतकं स्वच्छ होतं की तळाचा गोटा हाताला लागेल असं वाटावं. आबांचा मोसम तोच. थंडीतला मासा भुकेला नसतो, तो चिडका असतो, असं ते म्हणत. तळाशी पडून राहतो, आणि ऊन पाण्याला लागायच्या वेळी तासभर वर येतो. तेवढ्या तासासाठी अंधुक उजेडात घरातून निघायचं.

लोक हसायचे. हवालदार पाण्याला वारा घालतोय म्हणायचे. आई त्यांच्याही पुढची. तिच्या माहेराहून, कोरेगावच्या बाजारातून, आबा तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं मागवायचे. ती पिसं आणायची आणि शेजारणीला सांगायची, "आमच्यात कोंबडा आम्ही खातो आन पिसं मासं खात्यात."

मला भाऊ नाही. मी अकरा वर्षांची असताना आबांनी मला दोर फेकायला शिकवलं. कोपर अंगापासून सुटता कामा नये म्हणून माझ्या काखेत माझंच विज्ञानाचं पुस्तक धरायला लावायचे. पुस्तक पडलं तर मासा पण गेला आणि शाळा पण गेली, असा दम. काठी मागं न्यायची, दोर पाठीमागं पुरता सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं. त्या थांबण्यातच सगळं आहे. दोर हवेत जाताना बारीक शीळ घालतो, मग गप्प, मग पुन्हा शीळ. आबांचं थांबणं माझ्यापेक्षा जरा लांब असायचं. मी डोळे मिटून सांगू शकायचे की काठी त्यांच्या हातात आहे.

पुस्तक पडलं नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, घराण्यातली म्हटलं तरी चालेल. वाईला बी.एस्सी. केलं, पुढं एम.एस्सी. केलं, आणि आज मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्या घरात पंचांगसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, त्या घरातून मी आले आहे. म्हणून पुढं जे सांगणार आहे ते जरा अडखळत सांगते. मला ते अजून नीट मांडता येत नाही.

ओढ्यावर आमच्याकडं एक रीत आहे. पाण्याजवळ कुणाला नावानं हाक मारायची नाही. आबा, काका, दाजी, काय नातं असेल त्यानं मारायची. आणि कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेलाच द्यायची. ओढा जिथं कड्याखाली वळतो तिथं मोठा डोह आहे, त्याच्या काठावर आसरांचा शेंदूर लावलेला दगड आहे. आसरा म्हणजे पाण्यातल्या सातजणी. बायका तिथं हिरव्या बांगड्या ठेवतात. त्यांना माणसाचं नाव कळलं की त्या ते विसरत नाहीत, असं म्हणतात. लहानपणी मी आबांना विचारलं होतं की तीनच हाका का. ते म्हणाले होते की पहिली हाक पाण्याचीही असू शकते, दुसरी कड्याचीही असू शकते, पण तिसऱ्यांदा हाक मारण्याइतकी गरज फक्त माणसालाच असते. हिमाचलापर्यंत जाऊन आलेला, साहेबांबरोबर इंग्रजी शब्द बोलणारा माणूस, पण हे मात्र त्यांनी कधी मोडलं नाही. मीही ओढ्यावर पाळायचे. पदवी झाल्यावर मनातून पाळायचं सोडलं, तोंडानं पाळत राहिले.

आता आबांच्या पायांचं सांगायला हवं. साखरेचा आजार त्यांना दहाबारा वर्षांपासून आहे. मागच्याच्या मागच्या दिवाळीत मी त्यांना सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला बारीक टोकानं ठिकठिकाणी टोचून पाहिलं. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "टोचा की आता." तोवर टोचून झालं होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घोट्याखाली संवेदना राहिलेली नाही. चपलेत खडा गेला तरी कळणार नाही, चटका बसला तरी कळणार नाही. आणि थंड पाण्यात, दगडगोट्यांवर उभं राहणं तर बंदच. एकदा जखम झाली आणि चिघळली की पाय जाईल, किंवा माणूस जाईल. मी हे आबांना जसंच्या तसं सांगितलं. आमच्यात गोड करून सांगायची पद्धत नाही. ते म्हणाले पाय माझे आहेत, मला माहीत आहेत. मी म्हटलं माहीत नाहीत, तोच तर आजार आहे. तेव्हापासून माझा एकच हट्ट होता: गावचं घर बंद करायचं आणि दोघांनी सांगलीला माझ्याकडं यायचं. आई तयार होती. आबा ह्या हिवाळ्यानंतर म्हणाले. मी अट घातली की ओढ्यावर जातील तेव्हा मी बरोबर पाहिजे, एकट्यानं जायचं नाही. त्यांनी मान हलवली. फौजी माणसानं मान हलवली म्हणजे शब्द दिला, असं मी धरून चालले.

मी नाताळच्या सुट्टीला गावी गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आई चुलीपुढं बसली होती आणि आबांची कपबशी कोरडी होती. खुंटीवर काठी नव्हती. फौजेतले जुने बूट नव्हते. आई म्हणाली चहा नको म्हणाले, तुला उठवू नको म्हणाले, लवकर येतो म्हणाले. मी तिच्यावर ओरडले. मग स्वेटर घालून निघाले.

बाहेर धुकं होतं. धुकं आम्हाला नवीन नाही, पण त्या दिवशीचं वेगळं होतं; ते हलत नव्हतं. पुढचं झाड जवळ गेल्यावर एकदम समोर यायचं आणि मागचं लगेच पुसलं जायचं. पायवाटेवर वरच्या वाडीचा म्हशीवाला भेटला. म्हशी आधी दिसल्या नाहीत, त्यांचे श्वास दिसले. मी आबांचं विचारलं. तो म्हणाला की मगाशी वर गेले, त्यानं राम राम घातला तर उत्तर दिलं नाही. ओढ्याजवळ ते कुणालाच उत्तर देत नाहीत, त्याला मी म्हटलं. तो म्हणाला, "ते मला म्हाईत हाय की वो बाई. पर बघत्यात तरी. आज बघितलं बी न्हाई."

ओढ्याशी पोचले तेव्हा उजाडलं होतं, पण ऊन कड्याच्या वरच अडकलेलं होतं. आमचा ओढा एरवी बडबड्या आहे. त्या दिवशी त्याचा आवाज खालून कुठून तरी, बंद खोलीतून यावा तसा येत होता. मी काठावरच्या सपाट दगडावर उभी राहून हाक मारली.

"आबा."

उत्तर नाही. ते अपेक्षितच होतं. थोडं थांबून दुसरी मारली, मोठ्यानं. तीही धुक्यात गेली. कड्यावरून परतसुद्धा आली नाही, एरवी येते. मी तिसरीसाठी श्वास घेतला आणि तेवढ्यात वरच्या बाजूनं, डोहाकडून, दोराची शीळ ऐकू आली.

शीळ. मग थांबणं, जरा लांब. मग शीळ.

मला हायसं वाटलं आणि रागही आला. तिसरी हाक मारायची गरज उरली नाही. दगडांवरून उड्या टाकत मी वर निघाले. शंभर पावलं असतील. सगळ्या वाटेनं शीळ माझ्यापुढं होती, एकाच ठेक्यात, जवळ येत नव्हती आणि लांबही जात नव्हती. मी मनातल्या मनात आबांना काय काय बोलायचं ते जुळवत होते. मान हलवलीत ती कशासाठी, असं सुरू करणार होते. डोहाच्या वळणावरचं उंबराचं झाड ओलांडलं आणि शीळ थांबली.

डोहावर कुणी नव्हतं.

मी हे पुन्हा एकदा सरळ लिहिते, कारण मी त्यानंतर ते पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. डोहाला एकीकडून कडा आहे, दुसरीकडून उघडी वाळू. माणूस लपेल अशी जागा नाही. पाण्यावर मधोमध एक वर्तुळ होतं आणि ते हळूहळू मोठं होत काठाकडं येत होतं. ज्या दगडावर उभं राहून आबा दोर फेकायचे तो ओला होता, आणि बाकीचे सगळे दगड पांढुरके, कोरडे. मला पहिल्यांदा पाणमांजर आठवलं. मी जीवशास्त्र शिकवते, मला आधी प्राणीच आठवतो. पाणमांजर दगडावर चढलं असेल, मला बघून पाण्यात उतरलं असेल, वर्तुळ त्याचं. पाणमांजर शीळही घालतं. हे सगळं बरोबर आहे. फक्त पाणमांजर मधे थांबत नाही.

आसरांच्या दगडापुढं बांगड्यांचे तुकडे पडले होते. मी मागं वळायला पाहत होते आणि पाय निघत नव्हते. मी हाक मारली नाही. हे मला पक्कं आठवतं, कारण शीळ पुन्हा येते का ते मी कान देऊन ऐकत होते.

तेव्हा खालून, मी जिथून आले होते त्याच्याही खालच्या बाजूनं, आबांचा आवाज आला.

"ओ."

एकदाच. शाळेत हजेरीला द्यावी तशी.

मी कशी खाली आले ते आठवत नाही. गुडघा फुटला होता, ते घरी गेल्यावर कळलं. सपाट दगडाच्या खाली चाळीसेक पावलांवर ओढा दोन मोठ्या खडकांमधून निसटतो. आबा तिथं मांडीभर पाण्यात उभे होते. म्हणजे मी दोन हाका मारल्या तेव्हा ते माझ्यापासून हाक काय, साधं बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते. काठी हातात नव्हती. तोंड माझ्याकडं नव्हतं, समोरच्या खडकाकडं होतं. आणि ते चालत होते.

जागच्या जागी. डावा पाय पाण्यातून वर यायचा, खाली जायचा. फौजेत कदमताल करतात तसं. उजवा हलत नव्हता. अंग दर वेळी पुढं झुकायचं आणि तिथंच राहायचं. चेहरा शांत, जरासा कंटाळलेला, लांबच्या वाटेवर असतो तसा.

मी पाण्यात उतरले आणि त्यांचा दंड धरला. दंड लाकडासारखा होता. थांबा म्हटलं. ते म्हणाले, "थांबून कसं चालंल? कवाचा चालतोय मी. त्यो खडक काय जवळ येईना."

मी पाण्यात हात घालून चाचपलं. उजवा बूट दोन दगडांच्या फटीत घोट्यापर्यंत रुतला होता. त्यांना ते कळलंच नव्हतं. पाय पुढं टाकायचा असं मन सांगत होतं, आणि पाय पडला की नाही हे सांगणारं खाली काही उरलं नव्हतं. तासभर तरी ते तसे चालत होते. मी त्यांना सांगितलं की पाय अडकलाय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खाली पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा भीती आली. डावा पाय थांबला.

बुटाची नाडी पाण्यानं फुगून आवळली होती, सुटेना. तंगूस, म्हणजे माशीजवळचा बारीक दोरा, कापायची कात्री त्यांच्या गळ्यात दोरीला असायची, तिनं पाण्याखाली चाचपडत नाडी कापली. बूट दगडातच राहिला, पाय बाहेर आला. अंगठ्याचं नख उलटलं होतं आणि घोट्याच्या हाडाशी कातडं सोललं होतं. त्यातून रक्त येत होतं आणि आबा त्याच्याकडं दुसऱ्याचं काही बघावं तसं बघत होते. मी ओरडून म्हशीवाल्याला बोलावलं, तो धावत आला, आणि आम्ही दोघांनी त्यांना उचलून घरी आणलं. वाटेत त्यांचे दात वाजायला लागले. ते बरं लक्षण असतं. तोवर वाजत नव्हते.

घरी आईनं त्यांचे पाय सरळ चुलीकडं ओढले. कुणीही तेच केलं असतं. मी तिचे हात धरून पाय मागं घेतले, कारण त्या पायांना जाळ कळला नसता आणि ते भाजून निघाले असते. पाय कोरडे करून सुती कापडात गुंडाळले, अंगावर दोन घोंगड्या टाकल्या, गरम चहा पाजला. जखम धुवून बांधली. हे सगळं मी भराभरा आणि नीट केलं. शिकल्याचा उपयोग होत होता.

अर्ध्या तासानं आबांना रंग आला. आई आता बोलायला मोकळी झाली. आवं, पोरीला शब्द दिला हुता न्हवं, इथून सुरू करून ती साहेबांच्या काठीपर्यंत पोचली. आबांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले की बरं झालं तू तिसरी हाक मारलीस. दोन झाल्या तेव्हा त्यांना ऐकू आल्या होत्या. तिसरीची वाट बघत होते, ती लवकर येईना.

मी म्हटलं मी दोनच मारल्या.

"तीन," ते म्हणाले. "दोन आबा म्हणून मारल्यास. तिसरी नावानं मारलीस. मला राग आला. म्हटलं, एवढी शिकली आन पाण्यावर बापाचं नाव घेती. पर म्हटलं, तिसरी हाय, ओ द्यायला पायजे."

आई हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडं बघायला लागली. तिनं आयुष्यात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. घरात त्यांना त्या नावानं हाक मारणारं जिवंत कुणी नाही. ती अगदी हळू म्हणाली, "खरं सांग. तू मारलीस?"

त्या क्षणी काय काय दिसलं ते सांगते. हो म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. पोरगी घाबरली, तिच्या तोंडून नाव गेलं, संपलं. आईच्या तोंडावरचा रंग परत आला असता. पण आबा पाय बरा झाला की पुन्हा ओढ्यावर गेले असते, हे मला त्यांच्याकडं बघूनच कळत होतं. बूट कुठल्या दगडात राहिलाय ते त्यांनी म्हशीवाल्याला आधीच विचारून घेतलं होतं. आणि नाही म्हटलं, तर मग पाण्यावर त्यांचं नाव घेणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि त्याला त्यांनी ओ दिली होती. डॉक्टरांच्या सांगण्यानं जे झालं नाही, माझ्या हट्टानं झालं नाही, ते त्या एका शब्दानं होणार होतं.

मी नाही म्हटलं. ते खरंही होतं. पण मी ते खरं आहे म्हणून म्हटलं नाही, हे मला माहीत आहे.

आबांनी घोंगडी वर ओढून घेतली. दोन दिवसांनी आपणहून म्हणाले की सांगलीला जाऊ. ओढ्यात राहिलेली काठी परत आणायला कुणाला पाठवलं नाही. पिसांचा डबा, धागे, बारीक गळ सगळं माळ्यावर गेलं. आईनं घराला कुलूप लावताना रडायचं ठरवलं होतं, पण आबा एवढ्या घाईनं एसटीकडं निघाले की तिला वेळ मिळाला नाही.

पाय वाचला. जखम भरायला दोन महिने लागले. मी रोज संध्याकाळी ती बघायचे, धुवायचे, बांधायचे, आणि दर वेळी वाटायचं की जिंकले. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत.

पण सांगलीतले आबा निराळे होते. आमच्या घरापासून कृष्णा चालत दहा मिनिटांवर आहे. शेजारचे पेन्शनर संध्याकाळी घाटावर जाऊन बसतात, त्यांनी आबांना बोलावलं. आबा हळदीच्या पेठेकडं फिरायला जायचे, उलट्या दिशेला. पाऊस लागला की खिडकी लावून बसायचे. जेवण कमी झालं. आईशी भांडणं बंद झाली, ह्याची आईला सगळ्यात जास्त भीती वाटली. आणि हाकेला ओ देणं त्यांनी सोडलं. घरातसुद्धा. तीनदा हाक मारली तरी नाही. आम्ही समोर जाऊन उभं राहायचं, मग ते वर बघायचे, आधी आमचे पाय बघायचे आणि मग तोंड.

दवाखान्यात तर फार वाईट व्हायचं. कंपाउंडर पाळीप्रमाणं नाव पुकारायचा. आबांचं नाव पुकारलं की ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. गुडघ्यांवरचे हात आवळून घ्यायचे. कंपाउंडर पुन्हा पुकारायचा, लोक बघायचे, आणि मी उठून त्यांच्या खांद्याला हात लावायचे. खांदा दगड. एकदा कंपाउंडर वैतागून म्हणाला की आजोबांचे कान तपासा. कान उत्तम होते. दोन खोल्या पलीकडं आईनं बांगडी आपटली तरी त्यांना कळायचं.

परवाच्या पौषात मला राहवलं नाही. पाय वाचवला तो मी, पण त्या पायावर चालणारा माणूस मी कुठं ठेवून आले होते, असं वाटायला लागलं. सकाळची वेळ होती. आई खाली भाजी आणायला गेली होती. आबा गॅलरीत कोवळ्या उन्हात पाय पसरून बसले होते आणि मी त्यांचे तळवे तपासत होते, बोटांच्या बेचक्यांतून, रोजच्यासारखे. खाली मान घालूनच मी बोलून टाकलं. म्हटलं, आबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती तिसरी हाक मीच मारली होती. नावानं. घाबरले होते म्हणून. आईसमोर कबूल करायची लाज वाटली.

रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा लांबवर गेला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी परीक्षेला निघताना ते ठेवायचे तसा.

"कशाला खोटं बोलतीस," ते म्हणाले. "तुजा आवाज मी वळखतो की. त्यो बाईमाणसाचा आवाजच न्हवता. तू हो म्हणशील म्हणून तवा तुज्यावर घातला."

मी विचारलं मग कुणाचा होता.

ते खाली आपल्या पायांकडं बघत राहिले. मी धरलेल्या पायाची बोटं मी हलवून सोडली. त्यांना ते कळलं नाही.

"माजाच," ते म्हणाले. "वरनं आला, डोहाकडनं. मीच मला नावानं हाक मारली. चांगली खणखणीत. साहेबांपुढं नाव सांगायचो तशी."

माझ्याजवळ ह्याला उत्तर होतं. गारठ्यानं मेंदूला भ्रम होतो, माणूस स्वतः ओरडतो आणि आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, हे मी वाचलेलं आहे. मी ते सांगणारही होते. पण तेव्हा डोहावर मी उभी होते. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं, आणि मी कसलीच हाक ऐकली नव्हती.

"मग तुम्ही ओ का दिलीत?" मी विचारलं. "तुम्हीच तर शिकवलंत, पाण्याला नाव कळू द्यायचं नाही."

"न्हाई दिली असती," आबा म्हणाले, "तर त्यो एकटाच फुडं गेला असता की गं."

खाली आईनं गेटमधून मला हाक मारली, भाजीची पिशवी वर घ्यायला. मी उठले नाही. आबांचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.